हात राखणारा धागा

कला शाखेच्या विद्यार्थिनीने धाग्यादोऱ्यांवर अभ्यासलेख लिहावा, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. संपादक मंडळाला विषय सांगितला तेव्हा ‘हे आपल्या शाखेचे काम आहे का?’ असा प्रश्न आलाच. त्याचे उत्तर माझ्या घरात आहे.

माझे वडील स्टेनलेस स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात कामाला होते. मोठ्या पत्र्यातून गोल चकत्या कापल्या जात आणि त्या चकत्या उचलून पुढच्या यंत्रापाशी रचून ठेवणे हे त्यांचे काम. ताज्या कापलेल्या पत्र्याची कड दिसायला गुळगुळीत असते. पण तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक दाते असतात. २०१२ साली, मी दुसरीत असताना, अशी एक चकती त्यांच्या उजव्या हातातून निसटली. ती पडू नये म्हणून त्यांनी मूठ आवळली. हातात सुती मोजा होता. मोजा फाटला, तळहात फाटला आणि अनामिका मिटवणारी कंडराही तुटली. जखम भरली, बोट मात्र पुन्हा कधी मिटले नाही. आजही वडील पाण्याचा तांब्या उचलतात तेव्हा चार बोटे तांब्याला धरतात आणि एक बोट वेगळे, ताठ उभे राहते. लहानपणी मला वाटे, ती त्यांची तांब्या धरण्याची पद्धतच आहे.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला कामगार कायद्यांचा इतिहास शिकताना १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेले एक परिशिष्ट वाचनात आले. कोणता अवयव गमावल्यास मिळवण्याची शक्ती किती टक्क्यांनी घटली असे मानायचे, याची ती यादी आहे. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४. मधले बोट गेले तर १२. अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. अवयव शरीराला तसाच राहिला पण कायमचा पूर्ण निकामी झाला, तर तो गेला असेच समजावे, अशी टीपही तिथे आहे. म्हणजे वडिलांच्या त्या बोटाला ७ टक्के. प्रत्यक्षात तेही मिळाले नाहीत, कारण त्यांचे नाव हजेरीपटावर नव्हते. पण मनात एक साधा प्रश्न राहिला : बोट गेल्यानंतरचा हिशेब कायद्याने इतका बारकाईने मांडला, ते जाऊच नये म्हणून माणसाने काय शोधून काढले? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे वाचले आणि समजले, ते प्रस्तुत लेखात मांडत आहे.

चिलखतापासून हातमोज्यापर्यंत

धारेपासून शरीर वाचवण्याची धडपड शस्त्राइतकीच जुनी आहे. महाराष्ट्रातील मुलांना ती शाळेतच कळते. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, ही हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे. लोखंडी कड्या एकमेकींत गुंतवून केलेले चिलखत म्हणजे एका अर्थाने धातूचे विणकामच. कडी कापली जात नाही आणि कड्या एकमेकींत फिरत असल्याने कापड वाकते. हीच युक्ती आजही खाटीककामात वापरली जाते. पोलादी कड्यांचे जाळीदार मोजे घालून कामगार हाडापासून मांस सोडवतात. पण हे मोजे जड असतात, थंड असतात, आणि त्यांतून पकड नीट बसत नाही.

दुसरा जुना उपाय म्हणजे चामडे. जाड चामडे ओरखडे सोसते. पण धार सरकत गेली की तेही कापले जाते, आणि घामाने भिजून वाळले की कडक होते. तिसरा उपाय सुती मोजा किंवा हाताला गुंडाळलेल्या चिंध्या. गरिबाच्या कारखान्यात आजही हाच उपाय दिसतो. सुताचा मोजा मळापासून हात वाचवतो, थोड्या उष्णतेपासूनही वाचवतो. धारेपुढे मात्र तो जवळजवळ नसल्यासारखाच.

म्हणजे हवे होते ते असे : कापडासारखे मऊ आणि तरीही पोलादासारखे हट्टी. या दोन टोकांना जोडणारा धागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सापडला, आणि तो सापडण्याची गोष्ट मोठी मनोवेधक आहे.

ताकासारखे एक द्रावण

स्टेफनी क्वोलेक यांचा जन्म १९२३ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील न्यू केन्सिंग्टन येथे झाला. वडिलांना निसर्गनिरीक्षणाचा नाद होता. त्यांच्याबरोबर रानात फिरून पाने-फुले गोळा करण्यात तिचे बालपण गेले. ती दहा वर्षांची असताना वडील वारले. आईकडून तिला शिवणकामाची आणि कापडाची आवड मिळाली. मोठेपणी तिला डॉक्टर व्हायचे होते. १९४६ साली रसायनशास्त्राची पदवी घेतली तेव्हा वैद्यकीय शिक्षणासाठी पैसा नव्हता, म्हणून ‘थोडे दिवस नोकरी करून पैसे साठवू’ या विचाराने तिने ड्यूपाँ या कंपनीत अर्ज केला. मुलाखत घेणारे हेल चार्च म्हणाले, की दोन आठवड्यांत कळवतो. तिने धीटपणे सांगितले, की दुसरीकडूनही विचारणा झाली आहे, तेव्हा निर्णय लवकर कळला तर बरे. चार्च यांनी तिच्यासमोरच नेमणुकीचे पत्र लिहून घेण्यासाठी लेखनिकाला बोलावले. थोड्या दिवसांची म्हणून धरलेली ती नोकरी चाळीस वर्षे टिकली.

१९६४च्या सुमारास कंपनीच्या डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथील प्रयोगशाळेत एक शोध चालू होता. पुढे पेट्रोलची टंचाई येईल असा अंदाज होता. मोटारींच्या टायरमध्ये पोलादी तारेऐवजी हलका आणि ताठ तंतू घालता आला तर मोटारीचे वजन घटेल आणि इंधन वाचेल, अशी कल्पना होती. कामगाराच्या हाताचा विचार त्या वेळी कोणाच्याच मनात नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कृत्रिम धागा काढण्याची रीत थोडक्यात अशी. लहान रेणू एकापुढे एक जोडून लांब साखळ्या करायच्या. या साखळीला बहुवारिक म्हणतात. बहुवारिक द्रावकात विरघळवायचे किंवा वितळवायचे, आणि तो रस बारीक भोकांच्या तबकडीतून दाबून बाहेर काढायचा. आपण सोऱ्यातून शेव पाडतो तसेच हे काम. फक्त भोके केसापेक्षाही बारीक. असा रस साधारणपणे काकवीसारखा दाट आणि पारदर्शक असतो. १९६५ साली क्वोलेक यांच्या हाती आलेले द्रावण मात्र पाण्यासारखे पातळ, गढूळ, हलवले की मोतिया झाक मारणारे होते. त्याचे वर्णन ‘ताकासारखे’ असेच केले जाते. ताक म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको.

दुसऱ्या कोणी ते द्रावण मोरीत ओतून दिले असते. यंत्र सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने तर ते यंत्रात घालायलाच नकार दिला. गढूळपणा म्हणजे न विरघळलेले कण, आणि त्या कणांनी भोके बुजतील, अशी त्यांना रास्त भीती होती. क्वोलेक यांनी द्रावण गाळून पाहिले; गढूळपणा गेला नाही. म्हणजे तो कणांचा नव्हता. काही दिवस मन वळवल्यावर सहकाऱ्याने होकार दिला. भोके बुजली नाहीत. धागा सरळ निघाला. प्रयोगशाळेतून त्याच्या ताठपणाचे आकडे आले तेव्हा त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. त्यांनी चाचण्या पुन्हा पुन्हा करवून घेतल्या आणि मगच वरिष्ठांना सांगितले. याच संशोधनातून पुढे जो धागा बाजारात आला त्याचे नाव केव्लार. सारख्या वजनाच्या पोलादाशी तुलना केली तर तो पाचपट बळकट भरतो. पुढे हर्बर्ट ब्लेड्स या संशोधकाने तीव्र गंधकाम्लातील द्रावणातून हा धागा काढण्याची पद्धत बसवली. १९७०च्या दशकात त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले, त्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे. क्वोलेक यांना १९९६ साली अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. २०१४ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या वारल्या.

त्या गढूळपणाचे रहस्य काय होते? नायलॉनच्या साखळ्या लवचिक असतात; शिजलेल्या शेवयांसारख्या त्या एकमेकींत गुंततात. या नव्या बहुवारिकाच्या साखळ्या कोरड्या शेवयांसारख्या ताठ होत्या. अशा काड्या दाटीने पाण्यात सोडल्या की त्या आपोआप एका दिशेने जुळून राहतात. द्रावणात अशी जुळलेली पुंजके तयार झाली होती. त्यांच्यामुळेच ते गढूळ दिसत होते. शास्त्रज्ञ या अवस्थेला द्रवस्फटिक म्हणतात. धागा भोकातून बाहेर पडताना सगळ्या काड्या धाग्याच्या लांबीच्या दिशेने लागतात आणि शेजारशेजारच्या काड्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. जे दोषासारखे दिसत होते, तेच या धाग्याच्या बळाचे मूळ होते.

ओढणे वेगळे, कापणे वेगळे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ओढल्यावर न तुटणारा धागा कापल्यावरही तुटणार नाही, असे नाही. आपल्या स्वयंपाकघरातील विळी हे उत्तम शिकवते. पिकलेला टोमॅटो पात्यावर नुसता दाबला तर चेपतो. तोच जरा सरकवला की अलगद चिरला जातो. धारेचे सामर्थ्य दाबण्यापेक्षा सरकण्यात अधिक असते. म्हणून हातमोज्याच्या धाग्याला नुसते बळ पुरत नाही. धार निष्प्रभ करण्याचे मुख्य मार्ग चार.

पहिला, तंतूचे स्वतःचे बळ. दुसरा, काठिण्य : धाग्यात पोलादाची बारीक तार किंवा काचेचे तंतू घातले की पाते त्यांच्यावर घासून बोथट होते. तिसरा, निसरडेपणा : पाते धाग्यात रुतण्याऐवजी त्याच्यावरून घसरते. चौथा, हालचाल : मोजा मागावरच्या कापडासारखा नसतो, तो स्वेटरसारखा टाक्यांनी विणलेला असतो. पाते टेकले की टाके सैल होऊन सरकतात, धागा लोळतो, आणि धारेला एकाच जागी कापत राहण्याची संधी मिळत नाही. चिलखताच्या फिरत्या कड्यांचे तत्त्व इथे पुन्हा भेटते.

हे चारही मार्ग एकाच धाग्यात आणण्याची कारागिरी पुढच्या संशोधकांनी केली. १९७७ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या एका पेटंटात धातूची लवचिक तार आणि तंतूंचा धागा यांचा मिळून केलेला हातमोजा आहे. १९८३च्या दुसऱ्या एका पेटंटात लवचिक गाभ्याभोवती केव्लारच्या जातीचा धागा गुंडाळण्याची रचना आहे. अशा धाग्याची घडण समजून घेण्यासारखी आहे. मध्ये तारेचा किंवा काचेचा गाभा. त्याच्याभोवती बळकट तंतूचा एक वेढा एका दिशेने, त्यावर दुसरा उलट दिशेने. आणि सर्वांत बाहेर त्वचेला बोचू नये म्हणून पॉलिएस्टर किंवा नायलॉन. दोन्ही वेढे एकाच दिशेने दिले तर धाग्याला पीळ चढतो आणि विणताना तो गुंता करतो. उलटसुलट दिले की पीळ एकमेकांना मारतात. आजीला वाती वळताना पाहिलेल्या कोणालाही हे पटेल.

निसरडेपणाचा मार्ग नेदरलँड्समध्ये उघडला. प्लास्टिकच्या पिशव्या ज्या पॉलिएथिलीनच्या असतात, त्याच पदार्थाच्या अतिशय लांब साखळ्या घेऊन, त्यांचा सैल लगदा करून, तो प्रचंड ताणून धागा काढण्याची पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा या संशोधकांनी डीएसएम या कंपनीत शोधली. १९९० साली डायनीमा या नावाने त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. हा धागा पाण्यावर तरंगतो, हाताला गार लागतो आणि धुतला तरी टिकतो. पण तो सुमारे १४५ अंश सेल्सियसला वितळतो. उलट, केव्लार वितळत नाही, पण ऊन आणि क्लोरीनचे ब्लीच त्याला मानवत नाही. म्हणजे भट्टीपाशी एक धागा, थंड मासळीपाशी दुसरा. सर्व कामांना चालेल असा एकच मोजा अस्तित्वात नाही.

चाचणीचे तराजू

मोजा किती कापरोधक आहे हे विक्रेत्याच्या शब्दावर ठरवून चालत नाही. युरोपच्या जुन्या चाचणीत एक गोल पाते ठरावीक भाराखाली कापडावर पुढे-मागे फिरवीत. पण काचेचे किंवा पोलादाचे तंतू असलेल्या कापडावर ते पातेच बोथट होई आणि कापडाला भलतेच जास्त गुण मिळत. परीक्षकाचीच लेखणी झिजावी आणि विद्यार्थी पहिला यावा, असा तो प्रकार! म्हणून १९९९ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकात दुसरी रीत आली आणि २०१६ साली युरोपच्या हातमोज्यांच्या मानकानेही ती स्वीकारली. तीत दर वेळी नवे सरळ पाते घेतात आणि २० मिलिमीटर सरकताना कापड आरपार कापले जाण्यासाठी किती भार लागतो ते मोजतात. २ न्यूटनला ‘ए’ श्रेणी, आणि चढत चढत ३० न्यूटनला ‘एफ’. ३० न्यूटन म्हणजे साधारण तीन किलो वजनाचा दाब. कागदावर हे आकडे लहान वाटतात. नव्या कोऱ्या पात्यावर तीन किलो वजन ठेवून ते तळहातावरून ओढण्याची कल्पना केली म्हणजे त्यांचा अर्थ कळतो.

या आकड्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कापरोधक म्हणजे अभेद्य नव्हे. सुईचे टोक टाक्यांच्या मधून सहज आत शिरते. फिरत्या करवतीपुढे किंवा दाबयंत्रापुढे मोजा टिकत नाही. आणि फिरत्या ड्रिलपाशी तर मोजा घालणेच घातक, कारण न तुटणारा धागा यंत्रात अडकला की हातालाही ओढून नेतो. म्हणून आधी यंत्राला कुंपण, मग हाताला मोजा, हा क्रम आहे. १९४८च्या कारखाने कायद्याने एकविसाव्या कलमात धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती केली ती याच विचाराने. कामगाराच्या हातात मोजा देऊन मालकाने उघडे यंत्र तसेच ठेवले, तर ती सुरक्षितता नव्हे, पळवाट होय.

कपाटातला मोजा

अभ्यास करताना एका गोष्टीने मला सर्वांत अधिक विचारात पाडले. अनेक अपघातांत मोजा कारखान्यात असतो, हातात नसतो. त्याचा दोष कामगाराच्या निष्काळजीपणावर टाकणे सोपे आहे. पण जाड मोज्यात हात घामेजतो, खिळा की स्क्रू हे बोटांना कळत नाही, काम मंदावते. आणि नगावर मजुरी असेल तर मंदावलेले काम म्हणजे कमी भाकरी. म्हणून कामगार मोजा काढून ठेवतो. तेव्हा या क्षेत्रातील अलीकडची प्रगती नुसते बळ वाढवण्याची नाही, ती जाडी कमी करण्याची आहे. विणकाम यंत्रावर इंचाला ७ सुया असत तिथे १३, १५, १८ सुयांवर मोजे विणले जाऊ लागले; सुया जितक्या जास्त तितका मोजा पातळ. तळहाताला पॉलियुरेथेन किंवा नायट्राइल रबराचा पातळ लेप देऊन पकड सुधारली. जो मोजा घातल्याचा विसर पडतो, तोच हातात राहतो आणि हात राखतो. कलेच्या विद्यार्थ्याला हे शास्त्र परके वाटू नये, कारण त्याच्या मुळाशी माणसाचा स्वभाव ओळखणे आहे.

दिवाळीच्या सुटीत मी असा एक जोड विकत घेतला आणि वडिलांपुढे ठेवला. ते आता पत्र्याचे काम करत नाहीत. एका किराणा दुकानात माल मोजतात. त्यांनी मोजा उलटसुलट करून पाहिला, धागा ओढून पाहिला, मग उजव्या हातात घातला. ताठ बोट मोज्यातही ताठच राहिले. मला वाटले होते, ते त्याची मजबुती तपासतील, कात्री मागतील. त्यांनी खिशातून एक रुपयाचे नाणे काढून फरशीवर टाकले आणि मोजा न काढता ते उचलायचा प्रयत्न केला. पहिल्या खेपेस निसटले, दुसऱ्या खेपेस उचलले.

“नाणं उचलता येतंय,” ते म्हणाले. “म्हणजे हा कुणी काढून ठेवणार नाही.”

किंमत त्यांनी त्यानंतर विचारली. ती सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “आमच्या खात्यात चौदा माणसं होती गं.”

परिशिष्टातले ते ७ टक्के आणि चौदा जोडांची किंमत, हे दोन्ही आकडे मी त्या रात्री वहीत शेजारीशेजारी लिहिले. एका गढूळ द्रावणाला मोरीत ओतू न देणारी चिकाटी या धाग्याच्या जन्माला पुरेशी ठरली. तो धागा चौदा हातांपर्यंत पोहोचायला आणखी एक शोध लागेल, आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेत लागणार नाही. तो हिशेबाच्या वहीत लागेल. ती वही आपल्यापैकी काही जणांच्या हाती उद्या येणार आहे : कोणी लहानसा कारखाना काढील, कोणी कामगार खात्यात अधिकारी होईल, कोणी वर्तमानपत्रात लिहील. त्या वेळी मोज्यांचा खर्च कोणत्या रकान्यात मांडायचा हे ठरवताना हा लेख कोणाला आठवला, तर तो लिहिल्याचे सार्थक होईल.

— तृतीय वर्ष, कला